पाण्याखाली हात कुठे ठेवायचे?

मालवणचा डाइव्हिंगचा हंगाम पावसाळा सरून समुद्र निवळला की सुरू होतो, आणि त्याच्या आगेमागे समुद्राबद्दलची पत्रे येऊ लागतात. यंदाच्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : दिवाळीत मालवणला स्कूबा करायचे ठरवले आहे. आम्हा दोघांनाही पोहता येत नाही. एवढ्या थोड्या वेळात समुद्राबद्दल काही कळते का, की नुसते फोटो? (पुणे)

पोहता येत नसले तरी चालते. हौशी लोकांच्या या बुडीत प्रशिक्षक तुम्हाला धरूनच नेतो. तुम्हाला दोनच गोष्टी सांभाळायच्या आहेत : श्वास कधीही रोखायचा नाही, आणि कान सतत मोकळे करत राहायचे. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, तेही दर अर्ध्या-एक मीटरला आणि दुखायला लागायच्या आधी. दुखू लागलेच, तर थोडे वर या आणि मग फुंका. सर्दी असेल तर बेत पुढे ढकला. गोळीने नाक मोकळे करून उतरलात आणि तिचा असर खालीच संपला, तर वर येताना हवा आत अडकते. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

काही कळते का, हे मात्र प्रशिक्षकाला बोटीवरच काय सांगता यावर ठरते. ‘मासे जमवायला पाव नको’ एवढे सांगा. पाव टाकला की काळ्या पट्ट्यांच्या माशांची झुंबड उडते. फोटो झकास येतो, पण तुम्ही पाहता ती भिकाऱ्यांची रांग, त्या खडकाचे रोजचे जगणे नव्हे. त्यापेक्षा एकाच खडकासमोर पाच मिनिटे थांबवायला सांगा. पहिले मिनिटभर काही दिसत नाही, मग कपारीतले दिसू लागते.

आणखी एक : डाइव्ह झाल्यावर विमानापूर्वी किमान 12 तास जाऊ द्या, एकाहून अधिक डाइव्ह केल्या असतील तर 18. उंचीवर हवेचा दाब घटतो आणि अंगात मुरलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. गाडीने परतणाऱ्यांनीही त्याच दुपारी आंबोली चढू नये, तो घाट सुमारे 700 मीटरवर आहे. रात्र मालवणातच काढा.

प्रश्न : ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा पहिला, कोर्स नुकताच पूर्ण झाला. चारही डाइव्ह पार पडल्या, पण पाण्यात मी सारखा वर-खाली होतो आणि फिन्स (पायातली वल्ही) प्रवाळांना लागतात. चूक कुठे होते आहे? (नाशिक)

बहुधा कमरेला शिसे जास्त आहे. नवशिक्याला पटकन बुडवण्यासाठी दोन-चार किलो वाढवून देण्याची सवय सगळीकडे आहे, आणि प्रवाळांची मोडतोड तिथूनच सुरू होते.

हिशेब असा. एक किलो जादा शिसे तोलायला बीसीडीत, म्हणजे हवेच्या जाकिटात, सुमारे एक लिटर हवा जास्त भरावी लागते. चार किलो जादा असतील तर चार लिटर. दहा मीटरवर भरलेली ही हवा पाच मीटरवर, दाब घटल्याने, फुगून 5.3 लिटरच्या आसपास जाते आणि तुम्हाला सुमारे 1.3 किलोच्या जोराने वर ओढते. तुम्ही घाबरून हवा सोडता, जास्तच सोडता, आणि दगडासारखे खाली जाता. पुन्हा हवा भरायचे बटण, पुन्हा वर. शिवाय हवा छातीशी आणि शिसे कमरेला, म्हणून पाय लोंबतात. लोंबते फिन्स प्रवाळ मोडतात आणि तळाचा गाळ उडवतात. गाळ बसला की प्रवाळाला चिकट स्राव सोडून तो झटकावा लागतो. त्यात त्याची ताकद जाते आणि उजेडही अडतो. मालवणचे पाणी मुळातच गढूळ, त्यात आपली भर कशाला?

उपाय वजनापासून. छातीच्या वर पाणी असेल अशा जागी सगळा सरंजाम घालून रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारे यंत्र, तोंडात धरा. बीसीडी पूर्ण रिकामे करा. नेहमीचा श्वास घेऊन क्षणभर थांबा (हे पृष्ठभागावरच, खाली कधीच नाही). पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवे, आणि श्वास सोडताच सावकाश बुडायला हवे. धपकन बुडालात तर एकेक किलो काढत चला. ही चाचणी भरल्या टाकीने केली असेल तर शेवटी दोन किलो वाढवा. 11 लिटरच्या टाकीतली हवा 200 बारवरून 50 बारवर (बार हे दाबाचे माप) येते तेव्हा टाकी जवळजवळ दोन किलोने हलकी होते आणि अखेरच्या थांब्यावर, पाच मीटरवर, तुम्हाला राहू देत नाही. तरणतलावातले वजन समुद्रात पुरत नाही. खारे पाणी जड असते, तिथे साधारण दोन-अडीच किलो जास्त लागतात.

मग श्वास. बटण एका वेळी टिचकी मारल्यासारखे दाबायचे आणि तीन-चार सेकंद वाट पाहायची, कारण परिणाम उशिरा दिसतो. बारीक चढउतार फुप्फुसांवर सोडा : नेहमीच्या श्वासाने अर्ध्या लिटरचा, म्हणजे अर्ध्या किलोचा फरक पडतो. वाळूच्या मोकळ्या तळावर, प्रवाळापासून दूर, एक मीटर उंचीवर फिन्स न हलवता दोन मिनिटे तरंगता येईपर्यंत सराव करा. पाय गुडघ्यात वाकवून बेडकासारखे मारा. हात छातीशी जुळवून ठेवा, किंवा एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट धरा. वल्हवणारे हातच आधाराला प्रवाळ धरतात.

प्रश्न : खाली अडकलेले जुने जाळे दिसले तर कापून आणावे का? (पणजी)

नवशिक्याने नाही. खोली आणि खूण लक्षात ठेवा आणि वर येऊन डाइव्ह लीडरला सांगा. बोटीवरून जीपीएसची नोंद होऊ शकते. आधी हेही पाहायला हवे की जाळे टाकून दिलेले आहे की कुणी मांडलेले. मांडलेले जाळे कापणे म्हणजे एका घराच्या पोटावर पाय.

टाकून दिलेले असले तरी ओढू नका. ओढले की त्यात अडकलेला प्रवाळ जाळ्यासकट निघतो. शिकलेले लोक जोडीने जातात, कापायची दोन हत्यारे बाळगतात आणि तुकड्या-तुकड्याने सोडवतात. उचलायच्या पिशवीत एक लिटर हवा सुमारे एक किलो उचलते, पण दहा मीटरवर अर्धी भरलेली पिशवी वर येईपर्यंत पूर्ण फुगते. हा हिशेब चुकला की पिशवी जाळ्यासकट सुसाट वर जाते, आणि कुणाचा हात अडकला असेल तर त्यालाही नेते. वर्षानुवर्षे पडून प्रवाळांनी वेढलेले जाळे मात्र तसेच राहू द्यावे.

प्रश्न : पांढरा दिसला तो प्रवाळ मेलेला समजायचा का? (ठाणे)

लगेच नाही. पाणी बरेच दिवस तापलेले राहिले की प्रवाळ आपल्या पेशींतले रंगीत शैवाल बाहेर टाकतो. पारदर्शक कातडीतून सांगाडा दिसतो, पण जीव असतो. पाणी वेळेत थंड झाले तर शैवाल परत येते. मेलेल्या सांगाड्यावर मात्र काही दिवसांत हिरवट-तपकिरी शेवाळाचा थर चढतो. फांद्यांची वाढती टोके मुळातच फिकी असतात, आणि कुठे गोगलगाय किंवा माशाने चावलेला डागही असतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ‘कोरलवॉच’चा रंगतक्ता यासाठीच आहे : 1 ते 6 अशी गडदपणाची श्रेणी, त्यावर प्रवाळाचा सर्वांत फिका आणि सर्वांत गडद भाग जुळवून दोन आकडे लिहायचे, टोके सोडून. नुसता एक फोटो फारसे सांगत नाही. त्याच प्रवाळाची पुढच्या महिन्याची नोंद सांगते. आणि तुटलेला तुकडासुद्धा घरी आणू नका. कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेलेही.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे, समुद्राचे वेड आहे. स्कूबा शिकवता येईल का? (मुंबई)

ओपन वॉटरसाठी किमान वय 10. त्यानंतरही दोन वर्षे 12 मीटरची मर्यादा, आणि सोबत मोठे माणूस. तोवर खडकाळ किनारा पुरून उरतो. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन दिवस उधाणाचे, तेव्हा ओहोटी सर्वांत खाली जाते. भरती-ओहोटीचे तक्ते पाहून ओहोटीच्या तासभर आधी पोचा, पाणी फिरल्यावर अर्ध्या तासात परत निघा. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे लोक अशा फेऱ्या काढतात.

सुतळीची अर्धा मीटर बाजूची चौकट करा, आत दहा-दहा सेंटिमीटरवर दोरे बांधा, पंचवीस घरे होतात. दर उधाणाला त्याच खडकावर टाकायची आणि प्रत्येक घरातल्या गोगलगायी, कालवे, बार्नेकल (खडकाला चिकटलेले कवचधारी जीव) मोजायचे. पायात रबरी तळाचे बूट हवेत. शंकूच्या आकाराचा शंख उचलू नये, त्यातला प्राणी विषारी नांगी मारतो. खडकावर पसरलेल्या बटणांसारख्या मऊ चटईलाही हात लावू नये. दगड उलटला तर तो होता तसाच, खालची बाजू खाली करून, सावकाश परत ठेवायचा, बोटे जपून.