वाटणी झाली, पण नकाशात रेघ कुठाय?

भाऊ, सातबाऱ्यावर तिघा भावांची नावं लागली म्हणून निश्चिंत होऊ नको. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर टाकून पाहा, वावर अजून अखंडच दिसेल. पोटहिस्स्याची, म्हणजे गटातल्या एकेकाच्या वाट्याची, मोजणी होऊन नकाशा दुरुस्त झाला, तरच तुझ्या हिश्श्याची रेघ उमटते.

आधी सातबारा अन् आठ-अ (खात्याचा उतारा) यांवरचं क्षेत्र जुळव. 0.81 हेक्टर म्हणजे साधारण 2 एकर. काही फरक असला तर पटवाऱ्याकडून आधीच निस्तरून घे. मग तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात पोटहिस्सा मोजणीचा अर्ज कर. सगळ्या सहधारकांची संमती लागते. एक भाऊ जरी अडून बसला, तर तहसीलदाराकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटपाचा अर्ज करावा लागतो. म्हणून आत्ताच, गोडी आहे तोवर, सह्या घे.

मोजणी उन्हाळ्यात, पऱ्हाटी (कपाशी) उपटल्यावर झालेली बरी. उभ्या तुरीत धुरा, म्हणजे बांध, दिसत नाही. त्या दिवशी स्वतः वावरात उभा राहा, शेजारच्या धुरेकऱ्यांनाही बोलव. आमचा धुऱ्यावरचा दगड दरवर्षीच्या नांगरटीत वीतवीत सरकला होता, हे मोजणीतच कळलं. अजून सल आहे. खुणा दाखवल्या की तिथंच दगड पक्के रोव, अन् ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आल्याशिवाय काम झालं असं धरू नको.