इतरांसाठी प्रार्थना करायला बसतो, पण दहा मिनिटांत नावं संपतात. मध्यस्थीची प्रार्थना खोल कशी करावी?

आधी यादी कापा. चाळीस नावं भराभर वाचणं ही हजेरी झाली. तीन-चार माणसं घ्या आणि महिनाभर त्यांनाच धरून राहा. शक्य असेल तर त्यांना विचारा, "नेमकं काय मागू?" माझ्या वहीत एका मित्राच्या नावापुढे कित्येक दिवस 'नोकरी' लिहिलेलं होतं. विचारल्यावर कळलं, त्याला रात्री झोपच लागत नव्हती. त्या दिवसापासून प्रार्थनाच बदलली.

बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा 18वा अध्याय सावकाश वाचा. देव सदोम शहराचा नाश करणार असतो. तिथे 50 नीतिमान सापडले तर शहर वाचव, अशी अब्राहाम सुरुवात करतो आणि 45, 40, 30, 20 करत 10 वर येतो. देवाशी अदबीने, पण चिवटपणे घासाघीस! आपण बहुतेकदा पहिल्याच आकड्यावर 'आमेन' म्हणून उठतो.

शब्द सुचत नसतील तर प्रेषित पौलाची पत्रातली प्रार्थना (कलस्सै 1:9-12) घ्या आणि 'तुम्ही'च्या जागी त्या व्यक्तीचं नाव घाला. तेही जमलं नाही तर गप्प बसा. रोमकरांस 8:26 प्रमाणे तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो.

थकवा येणारच. लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचेही हात जड झाले होते, अहरोन आणि हूर यांनी ते धरून ठेवले (निर्गम 17). म्हणून एक-दोन जोडीदार शोधा. फक्त तोंडाला कुलूप असलेले. 'प्रार्थनेचा विषय' म्हणून लोकांची उणीदुणी काढणारे गट मी पुष्कळ पाहिलेत.