‘सर्व्हायकल’ म्हणजे नक्की कोणाची मान?

फोंड्याच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे: आईच्या एमआरआयच्या रिपोर्टात ‘सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस’ लिहून आलं आणि घरात सगळ्यांनी धास्ती घेतली, कारण शेजारच्या काकींना ‘सर्व्हायकल कॅन्सर’ म्हणून बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं होतं. दोन्हीकडे एकच शब्द कसा?

ताई, आधी हे सांगतो: स्पॉन्डिलोसिस म्हणजे मणक्यांची झीज. कॅन्सरशी त्याचा संबंध नाही.

आता शब्दाकडे वळू. लॅटिनमध्ये ‘सर्व्हिक्स’ म्हणजे मान, आणि ‘सर्व्हायकल’ म्हणजे मानेचा, मानेसंबंधी. पण शरीरशास्त्राने हे नाव एकट्या मानेपुरतं ठेवलं नाही. गर्भाशयाचा आकार उलट्या धरलेल्या तांब्यासारखा असतो. खाली योनीकडे तो निमुळता होतो. त्या भागाला ‘सर्व्हिक्स युटेरी’, म्हणजे गर्भाशयाची मान, म्हणू लागले. पुढे बोलण्यात ‘युटेरी’ गळालं. आज डॉक्टर नुसतं ‘सर्व्हिक्स’ म्हणाले की गर्भाशयाचाच भाग समजायचा. ‘सर्व्हायकल’ मात्र दोन्हीकडे चालतं. इतकंच काय, हिरडीलगत दात जिथे किंचित आवळलेला असतो त्या जागेलाही दंतवैद्य सर्व्हायकल म्हणतात.

म्हणून या शब्दाचा जोडीदार पाहावा. स्पाइन, डिस्क, रिब, कॉलर असं काही पुढे असेल तर ती मान. रिपोर्टातले सी-१ ते सी-७ हे मानेचे सात मणके. कॅन्सर किंवा स्मिअर (त्या भागातल्या पेशींची तपासणी) असेल तर गर्भाशय. फसवणारी जोडी एकच, ‘सर्व्हायकल लिम्फ नोड्स’. तोंडाच्या कॅन्सरच्या रिपोर्टात ती हमखास दिसते आणि तिथे अर्थ मानेतल्या गाठी असा असतो. जुनी माणसं जिला गंडमाळ म्हणत, तीही याच गाठींची.

‘मला सर्व्हायकल झालंय’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते मला खटकतं. नुसत्या विशेषणाला आजार केला की ऐकणाऱ्याने हवा तो अर्थ घ्यावा, आणि घाबरलेला माणूस वाईटच घेतो.

लॅटिनमध्ये मानेला दुसराही शब्द आहे, ‘कोलुम’. आपली शर्टाची कॉलर त्यातूनच आली. म्हणजे औषधाच्या दुकानातल्या ‘सर्व्हायकल कॉलर’मध्ये मान दोनदा येते. पोर्तुगीजांनी गर्भाशयासाठी हाच कोलुम ठेवला: ‘कोलु दु उतेरु’. मणके मात्र ‘सेर्विकाइश’. पणजीत १८४२ साली सुरू झालेल्या एस्कोला मेदिकोत, म्हणजे आजच्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) मूळ संस्थेत, वैद्यक पोर्तुगीजमधूनच शिकवत. त्या भाषेत दोन आजारांची नावं सहसा वेगळी पडतात, त्यामुळे हा घोटाळा होण्याचं कारण फारसं उरत नाही.

मराठीतही ती सोय आहे. संस्कृत वळणाने कुणी ‘गर्भाशयग्रीवा’ लिहितात, पण रुळलेला शब्द ‘गर्भाशयमुख’. लॅटिनने निमुळता भाग पाहून मान म्हटलं, आपण त्याचं उघडणारं तोंड पाहिलं. मानेसाठी ‘मानेचे मणके’ आहेच. आरोग्यखात्याच्या पत्रकांत, शिबिरांच्या फलकांवर ‘गर्भाशयमुखाचा कर्करोग’ असं पूर्ण नाव लिहावं आणि ‘सर्व्हायकल’ कंसात ढकलावं, असं मला मनापासून वाटतं. आईंना सांगतानाही ‘मानेच्या मणक्यांची झीज’ एवढंच सांगा.