भाव वाढतो त्याच आठवड्यात मदत हवी

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि त्याखालची वादावादीही वाचली. तुमचे मिस्टर बावीस वर्षं सिगारेट ओढतात. फेब्रुवारीपासून भाव वाढले तेव्हा त्यांनी ब्रँड बदलला, सिगारेट काही सोडली नाही. मग हा कर म्हणजे सरकारचा गल्ला भरायचा मार्गच ना, असं तुम्ही विचारलंत. त्यावर एकाने लिहिलंय, ‘कर दुप्पट करा, आपोआप सुटेल.’ दुसरा म्हणतो, ‘व्यसनी माणूस उपाशी राहील पण ओढेल.’ मी एकोणीस वर्षं ओढली, २०१४ साली सोडली. त्यानंतर आमच्या कारखान्यातल्या, सोडायला धडपडणाऱ्या लोकांसोबत रविवारी सकाळी बसत आलोय. माझ्या मते दोघांचंही अर्धंच खरं आहे.

आधी कराचं बघू. किंमत वाढली की ओढणं कमी होतं, हे जगभर तपासून झालंय. आपल्यासारख्या देशांत भाव दहा टक्के वाढला की खप साधारण पाच टक्के उतरतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. फिलिपिन्सने २०१२ साली कायदा करून सिगारेटवरचा कर एकदम चढवला. २००९ मध्ये तिथे जवळपास तीस टक्के प्रौढ तंबाखू वापरायचे, २०१५ मध्ये ते प्रमाण चोवीस टक्क्यांच्या आसपास आलं. आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे, त्या वाढीव पैशातला मोठा वाटा त्यांनी कायद्यानेच गरिबांच्या आरोग्य विम्याला बांधून दिला. तेव्हा ‘कराने काही होत नाही’ हे मला मान्य नाही. कॉलेजच्या पोराला तर महाग सिगारेट सुरुवातीलाच अडवते, आणि तो फायदा कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

पण तुमच्या घरात जे झालं, तेही खरंच आहे. आपल्याकडे सिगारेटवरचं उत्पादन शुल्क लांबीवर ठरतं. १ फेब्रुवारी २०२६ पासून चाळीस टक्के जीएसटी आहेच, शिवाय हजार सिगारेटींमागे २,०५० पासून ८,५०० रुपयांपर्यंत शुल्क. आखूड सिगारेटला कमी, लांब सिगारेटला जास्त. म्हणजे भाव वाढला की माणसाला खाली उतरायला पायरी तयारच असते. मी ओढायचो तेव्हा हेच केलं. बजेटनंतर लांब सिगारेट सोडून छोटी घेतली आणि बायकोला सांगितलं, ‘खर्च कमी केला बघ.’ प्रत्यक्षात छोटीचे झुरके खोल घ्यायला लागलो, थोटूक बोटाला चटका बसेपर्यंत ओढायचो, आणि सहाच्या आठ कधी झाल्या ते कळलं नाही. शरीराला जेवढं निकोटीन लागतं तेवढं ते वसूल करतंच.

त्याहून मोठी पायरी म्हणजे विडी. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटला चाळीस टक्के लावले आणि त्याच बैठकीत विडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला. सोलापूर, सिन्नरकडे विडी वळून घर चालवणाऱ्या बायका आहेत, त्यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे. मी त्या वस्तीत गेलोय. हजार विड्या वळायला दिवस जातो आणि पान कापून कापून बोटं चिरतात. पण त्यांना दुसरं काम, नीट मजुरी हवी. विडी स्वस्त ठेवून त्यांचं भलं होत नाही, आणि विडीच्या धुराने फुप्फुसाचं जे नुकसान होतं ते सिगारेटपेक्षा कमी नाही. आपल्या देशात सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा विडी ओढणारे जास्त आहेत, हे इथे वाद घालताना सगळे विसरतात.

आणि सुटी सिगारेट. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी विकायला बंदी आहे, तरी कुठल्याही टपरीवर जाऊन बघा. पाकिटाचे पैसे एकदम मोजावे लागले तर माणूस थबकतो, चहासोबत एक घेताना थबकत नाही. पुढची गोष्ट आणखी वाईट. प्रत्येक पाकिटावर सोडण्यासाठीचा फुकट फोन नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. राष्ट्रीय क्विटलाइन, मराठीतही बोलतात. सुटी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही, म्हणून त्याला तो नंबर दिसत नाही. आमच्याकडे येणाऱ्या लोकांना मी पहिल्या दिवशी विचारतो, हा नंबर पाहिलाय का? दहातले आठ जण नाही म्हणतात, आणि त्यांतले निम्मे रोज दहाच्या वर ओढणारे असतात.

म्हणून माझं म्हणणं एकच. कर वाढला की ओढणाऱ्याच्या मनात एक-दोन आठवडे चलबिचल असते. ‘आता पुरे’ हे वाक्य मी सर्वांत जास्त त्याच दिवसांत ऐकलंय. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त लोक सोडायचा विचार करत होते. इच्छा आहेच, भाव वाढला की ती वर येते. तेव्हा कुणी हात दिला तर सुटते, नाही दिला तर माणूस छोटी सिगारेट, नाहीतर विडी पकडतो. जे सरकार गरिबाकडून हा कर घेतं, त्याने त्यातूनच गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात निकोटीन गम, म्हणजे सिगारेटची तलफ भागवायला चघळायची औषधी गम, फुकट ठेवायला हवी. आज मेडिकलमध्ये एक गम जवळपास सुट्या सिगारेटच्याच भावात पडते. कारखान्यातला माणूस मला म्हणाला होता, ‘दादा, तेवढ्या पैशात मग सिगारेटच का नको?’ माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. भांडण आजपासून थांबवा, त्याने फक्त लपून ओढणं वाढतं. शांतपणे एवढंच विचारा, उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर व्यसन घट्ट आहे आणि नुसत्या मनाच्या जोरावर सोडायला सांगणं त्यांच्यावर अन्याय आहे. अशांना बहुधा चार मिलिग्रॅमची गम लागते, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांनी तपासूनच.

गम कशी घ्यायची हे कुणी सांगत नाही आणि तिथेच माणसं हरतात. आमचा एक फिटर पहिल्याच दिवशी ती च्युइंगगमसारखी कचाकचा चावत बसला, वर चहा प्यायला. उचकी लागली, पोटात ढवळलं, त्याने सगळी पट्टी कचऱ्यात टाकली. पुढच्या रविवारी समोर बसवून शिकवलं: हळू चाव, तोंडात तिखट झिणझिण्या आल्या की थांब, गालात ठेवून दे. झिणझिण्या गेल्या की पुन्हा दोन-चार वेळा चाव. अर्धा तास असंच. गम घेण्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी, काही प्यायचं नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. तो आज तीन वर्षं स्वच्छ आहे.

पहिले तीन दिवस सगळ्यात अवघड. चिडचिड होईल, झोप उडेल, जेवण भलतंच जास्त लागेल. दोन ते चार आठवड्यांत हे निवतं. त्या दिवसांत ते तुमच्यावर ओरडले तर ते निकोटीन बोलतंय असं समजा. सकाळचा चहा गॅलरीऐवजी स्वयंपाकघरात घ्या, कारण जागा बदलली की तलफ थोडी चुकते. मध्ये एखादी ओढली गेली तर ‘संपलं सगळं’ म्हणू नका. मी स्वतः चौथ्या प्रयत्नात सोडली.

येत्या रविवारी त्यांच्यासोबत बसा. पहिली सिगारेट किती वाजता आणि दिवसाला किती, हे दोन आकडे मला इथेच लिहून कळवा. सोमवारपासून काय करायचं ते मग दिवसागणिक ठरवू.