पार्ट डी निवडताना आधी औषधांची यादी

ताई, मेडिकेअरचा (अमेरिकेतला सरकारी आरोग्य विमा) पार्ट डी, म्हणजे औषधांचा प्लॅन, कसा निवडायचा असं तुम्ही विचारलंत. घाबरू नका, हे जमतं. स्तनाच्या कॅन्सरनंतर मेडिकेअर घेताना मीही नुसता हप्ता बघून सर्वात स्वस्त प्लॅन घेणार होते. ती चूक टाळा.

तुमची रोजची लेट्रोझोल (कॅन्सर परतू नये म्हणून घ्यायची हार्मोन रोखणारी गोळी) स्वस्त जेनेरिक आहे. पण आजार उलटला तर पॅल्बोसिक्लिबसारखी महागडी गोळी लागू शकते. डॉक्टरांकडून अशी दोन-तीन नावं कागदावर लिहून घ्या आणि मेडिकेअरच्या साइटवर तपासा:

- औषध प्लॅनच्या यादीत आहे का?
- पूर्वपरवानगी लागते का?

२०२६ मध्ये यादीतल्या औषधांवर खिशातून वर्षाला जास्तीत जास्त २,१०० डॉलर जातात, हप्ता वेगळा. यादीबाहेरचं औषध यात धरत नाहीत.

प्लॅन दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर बदलता येतो. मात्र 'आत्ता महागड्या गोळ्या नाहीत' म्हणून पार्ट डी लांबवू नका. उशिराचा दंड सहसा कायमचा मागे लागतो.