कंपाउंडलगत उगवलेलं झाड ओळखायचं कसं?

घाईने उपटू नका. ठाण्यात भिंतीच्या फटीत, गटारालगत आपोआप उगवणारी बहुतेक रोपं पिंपळ, उंबर, सुबाभूळ, नाहीतर शेजारच्या गुलमोहर किंवा पेल्टोफोरमच्या (पिवळ्या फुलांच्या सोनमोहराच्या) बियांची असतात.

नुसत्या पानाचा फोटो पाठवलात तर कोणालाच नीट सांगता येणार नाही. पानाची मागची बाजू, देठाचा बुंधा आणि फांदीचं टोक, हे तिन्ही हवं. कोवळ्या रोपाची पहिली काही पानं फसवी असतात, म्हणून वरची पूर्ण वाढलेली पानं घ्या.

आधी पान कुठे संपतं ते ठरवा. देठ फांदीला जिथे जोडलेला असतो, त्या बेचक्यात डोळा (कोवळा अंकुर) असतो. तो जिथे आहे तिथून पुढे सगळं मिळून एक पान. चिंचेसारख्या दिसणाऱ्या झाडांत नवखे इथेच चुकतात, पर्णिकेलाच, म्हणजे पानाच्या एका छोट्या भागाला, पूर्ण पान समजतात.

मग देठ तोडून बघा. पांढरा चीक आला, फांदीच्या टोकाला टोकदार आवरण असलं आणि ते गळल्यावर गोल वळ उमटत असला, तर वड-पिंपळ-उंबराचं कुळ. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

बारीक पर्णिकांची झाडं वेगळी करायला देठाचा बुंधा नीट न्याहाळा. तिथे पिसासारखी चिरलेली उपपर्णं (देठाच्या बुडाशी असणारी छोटी पानं) दिसली तर गुलमोहर. कोवळ्या शेंड्यावर तांबूस-तपकिरी लव असेल तर पेल्टोफोरम. देठावर, पर्णिकांच्या पहिल्या जोडीजवळ वाटीसारखी छोटी ग्रंथी असेल तर सुबाभूळ. ते मात्र लहानपणीच मुळासकट काढा, नुसतं छाटलं तर बुडातून पुन्हा फुटतं.

पिंपळ भिंतीत असेल तर मात्र रोप लहान असतानाच काढा, थांबू नका, मुळं प्लास्टर फोडतात. मोठं झालेलं झाड तोडायचं असेल तर महाराष्ट्राच्या 1975 च्या झाडं जपण्याच्या कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.