कॉलेजच्या पहिल्या वर्षी वजन वाढू नये म्हणून काय करावं?

होस्टेलवर राहायला गेल्यावर वजन का वाढतं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते जेवणापेक्षा आधी झोपेकडे बघा. सतत जागरणं झाली की भूक चाळवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढू शकतं आणि पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन हे हार्मोन घटू शकतं. मध्यरात्री गोड, तळलेलं खावंसं वाटतं ते त्यामुळेही. म्हणून किमान ७ तास झोपाच, परीक्षेच्या दिवसांतही! कोल्ड्रिंक शक्यतो टाळा. ३३० मिलीच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, आणि पोट काही भरत नाही. व्यायाम म्हणून आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाललात तरी पुरे. आणि कृपा करून सकाळचं खाणं चुकवून वजन उतरवायला जाऊ नका, त्याने वजन उतरेलच असं नाही.